घड, फणी, केळं: एक्सएमएलची फाइल झाडासारखी कशी वाचायची

गेल्या हंगामात सावद्याहून रात्री साडेनऊला फोन आला. केळीची खरेदी करणारं छोटं ऑफिस, मालकांना सगळे नाना म्हणतात. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरने महिन्याभराच्या पावत्यांची एक एक्सएमएल फाइल (माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नाव लावून लिहायची एक पद्धत) काढून दिली होती आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर ती घ्यायलाच तयार नव्हतं.

"भाऊ, सकाळी शेतकऱ्यांचे पैसे टाकायचेत. काट्याचा माणूस म्हणतो फाइल बरोबर आहे, हिशेबवाला म्हणतो फाइल खराब आहे. खरं कोणाचं?"

मी गेलो तेव्हा नानांचा पुतण्या नोटपॅडमध्ये ती फाइल उघडून बसला होता. सगळा महिना एकाच ओळीत. ओळ उजवीकडे संपतच नव्हती, आणि तो पोरगा तासभर बाणाची कळ दाबून सरकत चालला होता. चूक कुठे असेल याचा काही अंदाज नाही, फक्त डोळे फोडून घेणं.

तीच फाइल मी माझ्या लॅपटॉपवर व्हीएस कोडमध्ये उघडली. एका जागी लाल नागमोडी रेघ उमटली. रेघेखाली माल ज्यांना गेला त्या पेढीचं नाव होतं: 'चौधरी & सन्स'. चूक त्या नावामधल्या चिन्हाची. हिशेबवाल्याचं खरं होतं.

तासभरात जे सापडलं नाही ते एका क्षणात दिसलं, त्याचं कारण माझी नजर तीक्ष्ण आहे हे नाही. नोटपॅडला ती फाइल म्हणजे अक्षरांची लांब दोरी दिसते. प्रोग्रॅमर ज्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर काम करतात, ज्याला आयडीई म्हणतात, त्याला तीच फाइल झाडासारखी दिसते. एक्सएमएल हाताळायला शिकायचं म्हणजे तशी नजर कमवायची. बाकीचं सगळं त्यातून येतं.

झाड म्हणजे काय

आपल्याकडे ही गोष्ट समजवायला उदाहरण शोधायला बाहेर जावं लागत नाही. केळीच्या झाडाला घड, घडाला फण्या, फणीला केळी. कोणतंही केळं घ्या, ते एकाच फणीचं असतं आणि ती फणी एकाच घडाची असते. अर्धं केळं या फणीत नि अर्धं त्या फणीत, असं होत नाही. एक्सएमएलचा मूळ नियम हाच. एक पावती घेऊन दाखवतो:

<पावती क्रमांक="412">
  <शेतकरी>
    <गाव>चिनावल</गाव>
    <तालुका>रावेर</तालुका>
  </शेतकरी>
  <माल>
    <बाग>कांदेबाग</बाग>
    <घड>140</घड>
    <वजन एकक="क्विंटल">23.8</वजन>
  </माल>
</पावती>

कोनी कंसातला शब्द म्हणजे टॅग. उघडणारा टॅग आणि तिरकी रेघ असलेला बंद करणारा टॅग, यांच्यामधलं सगळं त्या टॅगच्या पोटात. उघडणाऱ्या टॅगमध्येच 'क्रमांक' किंवा 'एकक' असं जे जोडलेलं असतं, त्याला ॲट्रिब्यूट म्हणतात. त्याची किंमत अवतरणचिन्हांत हवीच. सगळ्याच्या बाहेर एकच टॅग असतो, इथे 'पावती'. जे शेवटी उघडलं ते आधी बंद करायचं. डब्यात डबा ठेवल्यावर झाकणं ज्या क्रमाने लागतात, तोच क्रम.

वरचे टॅग मराठीत आहेत हे कदाचित तुमच्या लक्षात आलं असेल. मी समजवण्यासाठी भाषांतर केलेलं नाही. हे खरोखर चालणारं एक्सएमएल आहे. टॅगचं नाव देवनागरीत ठेवायला मानकाची पूर्ण परवानगी आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून आहे. अनेक जुन्या संगणकभाषांत नाव ठेवायचं तर इंग्रजीतच, अशी सक्ती होती. इथे ती नव्हती, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पहिलीपासून मराठीत शिकलेल्या मुलाला ही पावती वाचायला शब्दकोश लागत नाही. प्रत्यक्षात तुमच्या समोर येणाऱ्या बहुतेक फायलींत टॅग इंग्रजीत असतील, पण नियम तेच.

हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर केलं. त्याआधी एसजीएमएल नावाचं मोठं, अवघड मानक होतं, १९८६ चं. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जॉन बोसाक यांच्या पुढाकाराने एका गटाने त्याची काटछाट केली आणि वेबवर पेलवेल एवढं ठेवलं. टिम ब्रे, जाँ पाओली आणि स्परबर्ग-मॅकक्वीन हे त्याचे संपादक.

आज ते कुठे कुठे आहे हे पाहिलं तर चकित व्हायला होतं. वर्डची नवी फाइल किंवा एक्सेलची नवी फाइल ही खरं तर झिप केलेली पिशवी असते आणि तिच्या आत एक्सएमएलच्याच फायली असतात. एका प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडून पाहा. अँड्रॉइड ॲपचे पडदे, त्यांवरची वाक्यं, जावाच्या प्रोजेक्टची मेवन फाइल, गूगल अर्थमध्ये आखलेली शेताची हद्द, एसव्हीजी चित्रं, टॅलीत आत-बाहेर करायच्या नोंदी, आधारची ऑफलाइन केवायसी: सगळीकडे हेच झाड.

चूक दिसली की थांबतो, ते बरंच

वेबपेजमध्ये एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो, अंदाजाने पान दाखवतो. एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, असा अंदाज करत नाही. मानकातच तसं लिहिलं आहे: रचनेत चूक सापडली की पुढचं नेहमीसारखं वाचायचं नाही. लोकांना हा हट्टीपणा वाटतो. मला तो योग्य वाटतो. नानांच्या फाइलमध्ये शेतकऱ्यांचे पैसे होते. 'बहुतेक असंच म्हणायचं असेल' असं धरून कोणाच्या तरी खात्यात चुकीची रक्कम गेली असती, त्यापेक्षा फाइल अडली हे चांगलं झालं.

आता त्या चिन्हाचं. एक्सएमएलमध्ये दोन चिन्हं राखीव आहेत. कोनी कंस दिसला की पार्सर समजतो, टॅग सुरू झाला. 'आणि' म्हणून वापरतो ते ॲम्परसँड दिसलं की तो समजतो, इथून एक सांकेतिक शब्द सुरू झाला, अर्धविरामापर्यंत वाचायचा. 'चौधरी & सन्स' वाचताना त्याला चिन्हापुढे मोकळी जागा मिळाली, सांकेतिक शब्द काही मिळाला नाही, आणि तो थांबला. उपाय सोपा आहे. ते चिन्ह, त्याला चिकटून लहान लिपीतली इंग्रजी ए, एम, पी ही तीन अक्षरं आणि मग अर्धविराम असं लिहायचं. वाचणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पुन्हा नुसतं चिन्हच पोहोचतं.

नाना म्हणाले, "मग नावातून ते चिन्ह काढूनच टाकू का?" मी म्हटलं, नाना, नाव त्यांचं आहे, ते जसंच्या तसं राहू द्या. आपण लिहायची पद्धत दुरुस्त करू.

जळगावच्या सराफ बाजारात, धुळ्याच्या आग्रा रोडवर पाट्या वाचत चाला. ॲम्परसँड नसलेली गल्ली सापडणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मित्रांना कळकळीने सांगतो: शब्दाला शब्द जोडून एक्सएमएल तयार करू नका. प्रत्येक भाषेत त्यासाठी तयार लायब्ररी असते, ती राखीव चिन्हं स्वतः सांभाळते. काट्याच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ती वापरली असती तर नानांच्या पुतण्याची संध्याकाळ वाचली असती.

आयडीई नेमकं काय करतं

व्हीएस कोडमध्ये रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेन्शन टाकावं लागतं. इक्लिप्सच्या एक्सएमएल एडिटरमध्ये तळाशी 'डिझाइन' आणि 'सोर्स' असे दोन टॅब असतात, पहिल्यात तक्त्यासारखं झाड आणि दुसऱ्यात मूळ मजकूर. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजे आयडियामध्ये सोय आधीपासून असते. नोटपॅड प्लस प्लसलाही त्यासाठी प्लगिन आहे. कोणतंही घ्या, कामं साधारण तीच.

पहिलं काम रचना सरळ करण्याचं. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-ऑल्ट-एफ, अँड्रॉइड स्टुडिओत कंट्रोल-ऑल्ट-एल. एका ओळीतली फाइल पायऱ्यापायऱ्यांनी उभी राहते आणि कोण कोणाच्या पोटात आहे ते दिसायला लागतं. मग ओळीच्या डाव्या बाजूच्या बाणाने फांदी मिटून ठेवता येते. पावत्या मिटल्या की प्रत्येकीची एखाद-दोन ओळच उरते, हवी ती उघडायची. शेजारी आउटलाइन नावाची पट्टी असते, तिच्यात नुसती नावं: घड, फणी, केळं.

उघडणारा टॅग टाइप केला की बंद करणारा आपोआप येतो. नाव बदललं तर जोडीतलं दुसरंही बदलावं यासाठी एक सेटिंग असतं, व्हीएस कोडमध्ये त्याला लिंक्ड एडिटिंग म्हणतात. ते चालू करूनच ठेवा. पुढे त्याचं कारण येईल.

लाल रेघेबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण शिकणारी मुलं इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. लाल रेघ जिथे दिसते तिथे चूक असेलच असं नाही. तिथे पार्सरच्या लक्षात आलं, एवढाच तिचा अर्थ. हे पाहा:

<शेतकरी>
  <गाव>चिनावल</गाव>
  <तालुका>रावेर
</शेतकरी>

चूक तिसऱ्या ओळीत आहे, 'तालुका' बंद केलेला नाही. पण पार्सरला चौथी ओळ वाचेपर्यंत ते कळायला मार्ग नाही. 'शेतकरी' बंद होताना त्याला दिसतं की आतला 'तालुका' अजून उघडाच आहे, आणि बरेचदा तक्रार तिथे नोंदवली जाते. इथे एका ओळीचाच फरक आहे. पण समजा चारशे पावत्यांमधल्या सत्तावन्नाव्या पावतीचा शेवटचा बंद करणारा टॅग उडाला. मग अठ्ठावन्नावी पावती सत्तावन्नाव्याच्या पोटात उघडते, नीट बंद होते. एकोणसाठावीही तशीच. पावतीत पावती असू नये हे पार्सरला कोणी सांगितलेलंच नाही, त्याला सगळं ठीक वाटत राहतं. शेवटी सगळ्यांना कवेत घेणारा टॅग बंद करायची वेळ आली की तो म्हणतो, एक पावती उघडी आहे. फाइलच्या शेवटच्या ओळीवर. माणूस मग शेवटची ओळ दहादा तपासतो आणि तिथे काहीच चुकलेलं नसतं.

अशा वेळी मी वरून खाली शोधत बसत नाही. आउटलाइन पाहतो. सत्तावन्नाव्यापर्यंत सगळ्या पावत्या एका रेषेत आणि पुढच्या सगळ्या एक पायरी उजवीकडे सरकलेल्या दिसतात. जिथे पायरी सरकली तिथे चूक. आउटलाइन नसेल तर फाइलची प्रत काढून अर्ध्या पावत्या कापायच्या. तक्रार गेली तर दोष कापलेल्या अर्ध्यात, राहिली तर उरलेल्यात. पुन्हा अर्धं. चारशे पावत्यांत नऊ वेळा अर्धं केलं की एकच पावती हातात उरते.

छापील पावतीपुस्तक

पावतीत पावती येऊ नये हे पार्सरला सांगायची सोय आहे, तिला स्कीमा म्हणतात. आतापर्यंत बोललो ती फक्त रचनेची शुद्धता: टॅग जोडीने आहेत, एकमेकांत गुंतलेले नाहीत. तेवढं असलं की फाइल सुघटित. पण सुघटित फाइलमध्येही वजनाच्या जागी 'मंगळवार' लिहिलेलं असू शकतं आणि पार्सरला त्यात वावगं काही दिसणार नाही.

काट्यावर पावतीचं छापील पुस्तक असतं ना, त्यात नावाची जागा ठरलेली, वजनाचा चौकोन ठरलेला, तारीख वर उजवीकडे. कोऱ्या कागदावर माणूस काहीही लिहील, छापील पुस्तकावर नाही. स्कीमा हे ते छापील पुस्तक. 'पावतीत एक शेतकरी आणि एक माल हवाच, वजन दशांश आकडा आणि शून्यापेक्षा मोठं, बाग या टॅगमध्ये केळीच्या लागवडीच्या दोन हंगामांपैकी, मृगबाग किंवा कांदेबाग, यांतलाच एक' हे सगळं त्यात लिहिता येतं. जुना प्रकार डीटीडी, आता बहुतेक ठिकाणी एक्सएसडी वापरतात, तो २००१ मध्ये मानक झाला.

फाइलला स्कीमा जोडला की आयडीई एकदम शहाणं होतं. कोनी कंस टाकताच इथे कोणकोणते टॅग चालतील त्याची यादी पुढे येते. सत्तावन्नाव्या पावतीतली चूक आता अठ्ठावन्नाव्याच्या पहिल्याच ओळीवर पकडली जाते, कारण पावतीच्या पोटात पावती पुस्तकात बसत नाही. ज्या फाइलला स्कीमा मिळू शकतो ती स्कीमाशिवाय हातात घेऊ नका. देणाऱ्याकडे मागा. तो त्यांच्याजवळ बहुधा असतो, मागत कोणी नाही.

टॅगच्या किंवा ॲट्रिब्यूटच्या नावात कधी विसर्गासारख्या दोन टिंबांचं चिन्ह दिसेल, आधी एक शब्द आणि नंतर दुसरा. ती नेमस्पेस. एका गावात पाच नाना असले की आपण 'चिनावलवाले नाना', 'फैजपूरवाले नाना' म्हणतो, तसंच हे. अँड्रॉइडच्या फायलींत 'अँड्रॉइड' असं आधी लावलेलं दिसतं ते यासाठी. त्या गावाची ओळख करून देणारी घोषणा वरच्या टॅगमध्ये असते. ती चुकून खोडली की तो शब्द लावलेली खालची सगळी नावं अनोळखी होतात.

देवनागरी लिहिणाऱ्यांचे खास खड्डे

बाहेरच्या पुस्तकांत हा भाग मिळत नाही, म्हणून इथे मला सविस्तर सांगायचं आहे.

इंग्रजी टॅगमध्ये लहान लिपी आणि मोठी लिपी यांत फरक धरला जातो. आपल्याकडे तो प्रश्न नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. उघडताना 'तालुका' आणि बंद करताना 'तालूका' लिहिलं की ते दोन वेगळे टॅग. हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं सांगतो.

एका मुलीने प्रोजेक्टमध्ये 'शेतकऱ्याचे_नाव' असा टॅग केला होता. उघडणारा आणि बंद करणारा पडद्यावर अगदी सारखे. तरी आयडीई म्हणे, जोडी जमत नाही. दोन दिवस ती त्यावर अडली होती. कारण होतं त्या ऱ्य मध्ये. ते अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडवर्ण आणि मग य. दिसायला दोन्हीकडे तीच अर्धचंद्रासारखी रेघ. पार्सर मात्र आकार पाहत नाही, आतले संकेतांक पाहतो, आणि ते वेगळे. उघडणारा टॅग तिने स्वतः लिहिला होता, बंद करणारा मोबाइलवर आलेल्या मजकुरातून चिकटवला होता. त्यातही २००८ च्या पाचव्या आवृत्तीत नावांचे नियम सैल झाले, त्यामुळे जुन्या नियमांवर चालणारा पार्सर तो अदृश्य वर्ण टॅगच्या नावात चालवूनच घेत नाही आणि वेगळीच तक्रार करतो.

म्हणून ते लिंक्ड एडिटिंग. बंद करणारा टॅग हाताने लिहायचाच नाही, मग असा फरक पडत नाही. आणि नाव निवडतानाच 'शेतकरी_नाव' असं, ऱ्य टाळून निवडावं.

आकड्यांचं दुसरं. वरच्या पावतीत मी 23.8 हे आकडे इंग्रजी ठेवलेत. मजकूर म्हणून देवनागरी आकडे कुठेही चालतात, पण स्कीमात वजन हा दशांश आकडा आहे असं लिहिलं असेल तर २३.८ नाकारलं जातं. मानकात अंक म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊच. पडद्यावर दाखवताना खुशाल मराठी आकडे दाखवा, फाइलमध्ये साठवताना नको.

तिसरं, जतन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये आकड्यांनी साठवायची पद्धत, यूटीएफ-८ हवं. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय हे ठरलेलं असायचं. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून मराठी फाइल त्यात जतन केली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि ते परत मिळत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड यूटीएफ-८ धरतं, पण तालुक्याच्या ठिकाणी जुने संगणक अजून पुष्कळ आहेत. फाइलची पहिली ओळ, जिच्यात आवृत्ती आणि एन्कोडिंग लिहिलेलं असतं, ती अगदी पहिल्या वर्णापासून सुरू व्हायला हवी. तिच्यावर एक रिकामी ओळ राहिली तरी पार्सर अडतो.

आणि वर्डमधून किंवा चॅटमधून कॉपी केलेली अवतरणचिन्हं बारकाईने पाहा. “412” अशी वळणदार आली की ॲट्रिब्यूट मोडलं. सरळच हवीत.

कुठे हात लावायचा नाही

रचना सरळ करण्याचं बटण मी वर सांगितलं, पण ते प्रत्येक फाइलवर दाबायचं नसतं. टॅगच्या आतली मोकळी जागा कधीकधी अर्थाची असते. परिच्छेदाच्या मधल्या एखाद्या शब्दाला टॅग असेल तर बटणाने तिथे ओळ तुटते आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमला नवी मोकळी जागा मिळते.

आधारची ऑफलाइन केवायसी फाइल तर उघडून पाहावी, बदलू नये. तिच्यावर डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं की सही जुळत नाही आणि फाइल निरुपयोगी होते. अशी फाइल नुसती वाचायची असेल तर ब्राउझरमध्ये ओढून टाका. तोही झाड दाखवतो, फांद्या मिटतो, आणि त्याच्यात लिहिताच येत नाही.

अँड्रॉइड शिकणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट. ॲपवरची सगळी वाक्यं एका एक्सएमएल फाइलमध्ये असतात आणि प्रत्येक भाषेचं वेगळं फोल्डर असतं. मराठीच्या फोल्डरच्या नावाशेवटी 'एमआर' येतं. अहिराणीलाही आंतरराष्ट्रीय भाषासंकेत आहे, 'एएचआर', आणि अँड्रॉइडमध्ये तो लिहिताना आधी 'बी' आणि अधिक चिन्ह लावायचं. शिरपूरच्या काही मुलामुलींनी मला विचारलं की आमच्या भाषेत ॲप करता येईल का. करता येतं. फोनच्या यादीत अहिराणी नसली तर भाषा निवडायची सोय ॲपमध्येच द्यायची. अँड्रॉइड स्टुडिओच्या ट्रान्सलेशन्स एडिटरमध्ये तक्त्यासारखे रकाने दिसतात: एका रकान्यात 'इथे दाबा', शेजारी 'आठे दाबा'. ज्या वाक्याचं भाषांतर राहिलं ते लाल दिसतं. आजीला वाचता येईल असं बटण एका ओळीच्या बदलात होतं, यासाठी तरी हे शिकावं.

शोधायचं कसं

साध्या शोधात 'रावेर' टाकलं की रावेर तालुका सापडतो, रावेर गाव सापडतं, कोणाच्या पत्त्यातलं रावेरही सापडतं. झाडात शोधायला एक्सपाथ आहे, १९९९ पासून. त्यात रस्ता सांगायचा असतो:

//पावती[तालुका='रावेर']//वजन

पण माझ्या पावतीत हे काही देणार नाही, कारण तालुका थेट पावतीच्या पोटात नाही, शेतकऱ्याच्या पोटात आहे. म्हणून:

//पावती[शेतकरी/तालुका='रावेर']//वजन

'ज्या पावतीतल्या शेतकऱ्याचा तालुका रावेर आहे, तिच्यात कुठेही असलेलं वजन.' डावीकडून उजवीकडे वाचलं की मराठी वाक्यच आहे. इंटेलिजे आयडियात ही सोय आत असते, व्हीएस कोडसाठी वेगळं एक्स्टेन्शन मिळतं.

नानांच्या पुतण्याला हे सगळं त्या रात्री नाही, पुढच्या दोन-तीन रविवारी सांगितलं. आता महिन्याची फाइल तोच तपासतो. मूळ प्रत बाजूला ठेवतो, रचना सरळ करून ती वेगळी जतन करतो आणि मगच दुरुस्तीला हात लावतो, म्हणजे शेवटी दोन प्रतींची तुलना केली की फक्त खऱ्या दुरुस्त्या दिसतात, हललेल्या मोकळ्या जागा नाहीत. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, यावल तालुक्याच्या पावत्या एक्सपाथने ३८ येतात, वहीत ३९ आहेत. मी काही सांगायच्या आतच अर्ध्या तासाने त्याने दोन प्रतींच्या तुलनेचं चित्र पाठवलं. बदललेली ओळ एकच होती. वर जुनी, खाली नवी:

- <तालुका>यावल </तालुका>
+ <तालुका>यावल</तालुका>

खाली त्याने लिहिलं होतं, "स्पेस होती भाऊ. सापडली."